चळत : चित्रफळ्याच्या अनडूसाठी लिहिलेला स्टॅक, कामाच्या नोंदी

४ जुलै

मी आणि माझी सहकारी मिळून जावा या भाषेत चित्र काढायचा एक कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, लिहितोय. वाटणी झाली. चित्र काढायचा फळा, ब्रश, रंग तिच्याकडे, अनडू-रीडू, म्हणजे केलेलं मागे घेणं आणि मागे घेतलेलं परत आणणं, माझ्याकडे. "तुझं काय रे, स्टॅक तर जावात आयता मिळतो," असं ती म्हणाली आणि मीही मान डोलावली.

संध्याकाळी तो आयता स्टॅक, म्हणजे एकावर एक ठेवत जायचं आणि वरूनच उचलायचं अशी रचना, उघडून बघितला आणि मन खट्टू झालं. जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९६ पासून तो तिथे आहे आणि तो व्हेक्टर या यादीसारख्या वर्गाचा (वर्ग म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा) वारस आहे. व्हेक्टरला जे जमतं ते सगळं त्यालाही जमतं. म्हणजे स्टॅकच्या ऑब्जेक्टला खुशाल सांगता येतं की तिसऱ्या जागेवरचं काढून टाक, तळाशी एक घुसव. शेवटी आला तो आधी गेला, हा नियम पाळायचा की नाही हे वापरणाऱ्याच्या सद्बुद्धीवर सोडलेलं. जावाचं स्वतःचं दस्तऐवजीकरणही सांगतं की याऐवजी डेक, म्हणजे दोन्ही टोकांनी ठेवता-काढता येणारी रांग, वापरा. जावा ६ पासून ॲरेडेक हा तयार डेक आहे आणि तो चांगला आहे, पण त्याची दोन्ही तोंडं उघडी असतात.

स्वतः लिहायचं ठरवलं. ॲरेडेक घेतला असता तर हे काम आज रात्रीच संपलं असतं, हेही इथे लिहून ठेवतो. पण हा प्रकल्प शिकण्यासाठीच आहे.

५ जुलै

नाव ठेवलं 'चळत'. एकावर एक रचलेल्या वस्तूंना आपल्याकडे इतका नेमका शब्द असताना 'स्टॅक' कशाला? जावात वर्गाचं नाव देवनागरीत चालतं हे माहीत होतं, वापरून आज पहिल्यांदा बघितलं. मेथडही (वर्गाला सांगता येणारी कामं) तशाच : ठेव, उचल, बघ, रिकामी, साफकर. पाचच. सहावी लागली तर आधी कारण लिहायचं, असा नियम मीच मला घालून घेतला.

नावांवरून आठवलं : संगणकशास्त्रज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९४६ च्या सुमाराला एसीई या संगणकाच्या आराखड्यात सबरूटीनमधून (कार्यक्रमाच्या पोटातल्या छोट्या कार्यक्रमातून) परत कुठे यायचं ते साठवायची अशीच सोय मांडली होती. तिथे तिला पुरणं आणि उकरून काढणं अशा अर्थाचे शब्द होते. 'पुर' आणि 'उकर' अशा मेथड मलाही दोन मिनिटं मोहात पाडून गेल्या.

आत एक ॲरे (क्रमांक दिलेल्या घरांची ओळ) आणि 'संख्या' नावाचा एक पूर्णांक, दोन्ही प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून हात न लागणारे. पहिल्याच चाचणीत तीन वस्तू ठेवल्या, एक उचलली, हातात आलं नल, म्हणजे 'काहीच नाही'. कागदावर चौकोन काढून बघितलं तेव्हा उलगडलं. तीन वस्तू शून्य, एक, दोन या घरांत आणि संख्या तीन. मी 'उचल'मध्ये आधी संख्याव्या घरातलं वाचत होतो आणि मग संख्या कमी करत होतो. तीन नंबरचं घर तर अजून रिकामंच. संख्या म्हणजे सर्वांत वरच्या वस्तूचं घर नव्हे, पुढची वस्तू जिथे बसेल ते घर. मग क्रम आपोआप ठरतो : ठेवताना आधी लिही मग वाढव, उचलताना आधी कमी कर मग वाच. हे वाक्य वर्गाच्या डोक्यावर कॉमेंट म्हणून टाकलं. झोप येत असताना पुन्हा चुकणार हे मला माहीत आहे.

६ जुलै

कुठल्याही प्रकारची वस्तू ठेवता यावी म्हणून जेनेरिक केलं. चळतीच्या नावापुढे कोनी कंसात प्रकार लिहायचा, बस. पण आतला ॲरे त्या प्रकाराचा बनवायला गेलो तर कंपायलर (लिहिलेला कोड तपासून चालण्याजोगा करणारा) अडून बसला. जावात जेनेरिक्स आले २००४ साली, पाचव्या आवृत्तीत, आणि जुना कोड मोडू नये म्हणून ते कंपायलरपुरतेच ठेवले. कार्यक्रम चालू असताना त्या प्रकाराची खूणच उरत नाही. ॲरेला मात्र जन्माला येतानाच आपण कशाचे आहोत हे माहीत असावं लागतं. दोघांचं जमत नाही. सगळे करतात तेच केलं : साध्या ऑब्जेक्टचा ॲरे बनवून त्यावर कास्टचा, म्हणजे 'हे या प्रकाराचं आहे असं समज' असा, शिक्का मारला. कंपायलरने ताकीद दिली, ती मी समजून-उमजून दाबली.

आणि तासाभरात त्याच ताकिदीने मला गाठलं. आत काय चाललंय ते दिसावं म्हणून आतला ॲरे तसाच बाहेर देणारी एक मेथड लिहिली होती. (सहावी! कारण न लिहिता.) स्ट्रिंगची (मजकुराची) चळत घेतली, ॲरे मागितला, स्ट्रिंगच्या ॲरेत ठेवायला गेलो आणि क्लासकास्ट एक्सेप्शन, म्हणजे 'प्रकार जुळत नाही' म्हणून कार्यक्रम थांबवणारी चूक. शिक्का खोटा होता. तो आत असेपर्यंत कोणाला कळत नव्हतं, बाहेर पाऊल टाकताच पकडला गेला. मेथड काढून टाकली.

८ जुलै

आज फक्त ॲरे भरल्यावर काय करायचं यावर दिवस गेला, आणि मजा आली.

ॲरेची लांबी बदलत नाही. भरला की मोठा नवा घ्यायचा आणि जुन्यातलं सगळं उचलून नव्यात न्यायचं. प्रश्न एवढाच की किती मोठा? मी पहिल्यांदा भिडस्तपणे दहा-दहा घरं वाढवत होतो. जागा वाया जायला नको, हा हेतू. मग किती वस्तू नव्या घरी न्याव्या लागल्या हे मोजणारा एक काउंटर टाकला आणि दहा लाख वस्तू ठेवून बघितल्या. दहापासून सुरुवात, दर वेळी दहा वाढ : ९९,९९९ वेळा बिऱ्हाड हललं आणि एकूण ४९,९९,९५,००,००० वस्तू हलवल्या. जवळपास पाच हजार कोटी. लॅपटॉपचा पंखा घरभर ऐकू येत होता.

मग सोळापासून सुरुवात करून दर वेळी दुप्पट केलं. बिऱ्हाड हललं १६ वेळा, हलवलेल्या वस्तू १०,४८,५६०. म्हणजे दर वस्तूमागे साधारण एकच हलवणं. एखाद्या वेळचं 'ठेव' फार महाग पडतं, पण ते आधीच्या शेकडो स्वस्त 'ठेव'वर वाटून टाकलं की खर्च दिसतही नाही. पुस्तकात हे वाचलं होतं, पण दोन आकडे एकाखाली एक बघेपर्यंत खरं पटलं नव्हतं.

उलट बाजूही तपासली : अर्धा रिकामा झाला की ॲरे अर्धा करायचा का? नको. नेमक्या त्या सीमेवर कोणी ठेव-उचल-ठेव-उचल करत बसला तर प्रत्येक वेळी बिऱ्हाड हलेल. करायचंच तर एक चतुर्थांशावर आल्यावर अर्धं करायचं. मी करतच नाही, सध्या गरज नाही.

९ जुलै

रिकाम्या चळतीवरून उचललं तर? ती म्हणाली, "नल दे, मी बघून घेईन." मी म्हटलं, तू आज बघशील, दोन महिन्यांनी विसरशील, आणि ते नल रंग भरायच्या कोडपर्यंत जाऊन तिथे फुटेल. मग तू माझ्याकडे न येता रंगाच्या कोडमध्ये चूक शोधत बसशील. एक्सेप्शन फेकतो, चूक झाली तिथेच कळू दे. तिचं म्हणणं, अनडूचं बटण दाबलं म्हणून कार्यक्रम कोसळायला नको. तेही रास्त. तोडगा : बटण चालू ठेवायचं की नाही हे तिने 'रिकामी'ला विचारून ठरवायचं. तरीही कोणी आत घुसलंच तर एक्सेप्शन. नल ठेवायलाही बंदी केली, ॲरेडेकही घेत नाही.

११ जुलै

ॲरे टाकून देऊन कड्यांची साखळी, म्हणजे लिंक्ड लिस्ट करून बघितली. कोड इतका देखणा होतो की क्षणभर तेच ठेवावंसं वाटलं : बिऱ्हाड हलवणं नाही, क्षमता नाही, वरची कडी धरायची आणि सोडायची. मग हिशोब केला. ६४ बिटच्या नेहमीच्या जेव्हीएमवर (जावाचे कार्यक्रम चालवणाऱ्या आभासी यंत्रावर) एका कडीला शीर्षाचे १२ बाइट, दोन पत्त्यांचे (एक वस्तूचा, एक पुढच्या कडीचा) ८, आणि आठाच्या पटीत बसवण्यासाठी एकूण २४. ॲरेत तेच काम ४ बाइटांच्या एका घरात होतं. परत ॲरे.

१३ जुलै

तिच्या मशीनवर कंपाइल होईना. शेकडो चुका, सगळ्या देवनागरी नावांवर. जावा १८ पासून सोर्स फाइल यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावणारं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत) धरली जाते. तिच्याकडे जुनी आवृत्ती, ती विंडोजचं स्वतःचं एन्कोडिंग धरून बसलेली. कंपायलरला एन्कोडिंग स्पष्ट सांगितलं, मिटलं. "मराठी नावांचा हट्ट कोणाचा?" हा प्रश्न मी ऐकला नाही असं दाखवलं.

१५ जुलै

चळत फळ्याला जोडली. अनडूचा व्यवहार साधा : रेघ मारण्याआधीचं चित्र अनडूच्या चळतीवर ठेवायचं. अनडू दाबलं की आत्ताचं चित्र रीडूच्या चळतीवर, आणि अनडूवरून उचललेलं फळ्यावर. नवी रेघ मारली की रीडू साफ, कारण तो रस्ता आता संपला.

बारा रेघा मारल्या, अनडू दाबलं, काही हललं नाही. पुन्हा दाबलं, तेच. बारा वेळा दाबलं, बाराही रेघा जागच्या जागी, आणि बटण मात्र शहाण्यासारखं निष्क्रिय झालं, म्हणजे चळत खरंच रिकामी झाली होती. अर्धा तास मी माझ्या ठेव-उचलमध्ये खोट शोधत होतो. खोट तिथे नव्हतीच. ती एकाच इमेजवर रेघा मारत होती आणि मी दर वेळी तीच इमेज ठेवत होतो. चळतीवर बारा चित्रं आहेत असं मी समजत होतो; होते एकाच चित्राचे बारा पत्ते. बाराही पत्ते शेवटच्या रेघेनंतरच्या घरीच घेऊन जात होते.

आता ठेवण्याआधी चित्राची प्रत काढतो. प्रत कोणी काढायची यावर थोडं झालं. चळतीने काढावी असं तिचं मत. पण चळतीला आत चित्र आहे की आकडा हेच माहीत नाही, ती कशी काढणार? प्रत फळ्याच्या कोडमध्ये निघते.

१८ जुलै

मोठी नोंद. दोन रात्री गेल्या.

तक्रार तिची : "थोडा वेळ चित्र काढलं की मेमरी चढते ती उतरतच नाही." मी म्हटलं, गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा) त्याच्या सवडीने येतो, धीर धर. हे वाक्य मी परत कोणाला तोंडावर फेकणार नाही.

फळा १९२० बाय १०८०, प्रत्येक बिंदूला चार बाइट, म्हणजे एक चित्र ८२,९४,४०० बाइटांचं. चाळीस रेघा मारल्या, चाळीसही अनडू केल्या, मग एक नवी रेघ मारली. या क्षणी हिशोबाने दोनच चित्रं जिवंत हवीत : फळ्यावरचं आणि अनडूच्या तळाशी असलेलं एक. साधारण १ कोटी ६६ लाख बाइट. हीप डंप, म्हणजे त्या क्षणी मेमरीत काय काय आहे त्याची नोंद, काढून बघितला तर चित्रांनी ३३ कोटींहून जास्त बाइट अडवलेले. कलेक्टर हाताने बोलावला, तरी तेच.

डंपमध्ये एका इमेजवर उभं राहून विचारलं, तुला कोणी धरून ठेवलंय? उत्तर आलं : एक ऑब्जेक्ट ॲरे. त्याला कोणी धरलंय? चळत. तिची संख्या किती? शून्य. ही रीडूची चळत, नुकतीच साफ केलेली. संख्या शून्य आणि चाळीस घरं भरलेली. शेजारी अनडूची चळत : संख्या एक, आणि पुढच्या एकोणचाळीस घरांत उचलून झालेली चित्रं तशीच.

माझं 'साफकर' काय करत होतं? संख्या शून्य करत होतं. 'उचल' काय करत होतं? संख्या एकने कमी. माझ्या दृष्टीने त्या घरांत आता काही नाही, कारण संख्येच्या पलीकडचं मी कधी बघतच नाही. पण संख्येचा अर्थ फक्त मला ठाऊक आहे. कलेक्टरला दिसतो एक ॲरे आणि त्यातले पत्ते, आणि पत्ता आहे तोवर वस्तू वापरात आहे असंच तो धरतो. धीर कितीही धरला असता तरी तो ती उचलणार नव्हता.

दुरुस्ती दोन ओळींची. 'उचल'मध्ये वस्तू हातात घेतली की ते घर नल करायचं, मग वस्तू परत द्यायची. 'साफकर'मध्ये शून्यापासून संख्येपर्यंतची सगळी घरं नल करून मग संख्या शून्य. तेच चाळीस, तेच अनडू, तीच नवी रेघ : डंपमध्ये दोन चित्रं.

आकड्यांची चळत असती तर हे कधीच कळलं नसतं. अशा छोट्या गळतीकडे कोणी बघत नाही, ८३ लाख बाइटांच्या घरांनी ती उघडी पाडली.

२१ जुलै

आता गंमत. ती म्हणाली, अनडू अमर्याद नको, शेवटचे पन्नास टप्पे पुरेत. बरोबरच आहे. मग एक्कावन्नावं चित्र ठेवताना सर्वांत जुनं जायला हवं. सर्वांत जुनं कुठे? तळाशी.

४ जुलैची नोंद वर आहेच. तळाला हात लावू देतो म्हणून मी जावाच्या स्टॅकला नावं ठेवली होती.

सरळ रस्ता म्हणजे चळतीला 'तळचंकाढ' ही सहावी मेथड. हात कीबोर्डवर होता. पण ती एकदा आली की रीडूलाही मिळेल, आणि पुढे कोणालाही. दुसरा रस्ता, चळतीचा वारस वर्ग करून त्यात मर्यादा घालायची. यावर बराच वेळ विचार केला. चळतीचा अलिखित करार असा आहे : ठेवलं की संख्या एकने वाढते, आणि जितकं ठेवलं तितकं उचलता येतं. पन्नासची मर्यादा हा करार मोडते. चळत समजून वापरणाऱ्याच्या हातात हा वारस दिला तर त्याची गोष्ट गुपचूप नाहीशी होईल. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या भाषणात हेच मांडलं होतं : मूळ प्रकाराच्या जागी उपप्रकार ठेवला तर कार्यक्रमाच्या वागण्यात फरक पडता कामा नये. इथे पडतो. म्हणून हा वारस नको. वेगळा वर्ग, नाव 'इतिहास'. विसरणं हा त्याच्या करारातच लिहिलेला भाग. रीडूला मर्यादा लागतच नाही, तिथे अनडूवरून आलेलंच जातं. ती साधी चळतच राहिली.

आत वर्तुळाकार ॲरे. पन्नासाव्या घरानंतर पुन्हा पहिलं. तीन घरांवर करून बघितलं : अ, आ, इ ही चित्रं घर शून्य, एक, दोनमध्ये. 'वर', म्हणजे पुढची लिहायची जागा, फिरून शून्यावर. ई आलं ते शून्यात, अ पुसलं गेलं. वर आता एक, संख्या तीनच. काही सरकवावं लागत नाही, काही हलवावं लागत नाही, सर्वांत जुनं आपोआप जातं.

(आणि ८ जुलैचं माझं लाडकं दुपटीकरण अनडूतून बाद. पन्नास घरं, कायमची.)

पहिल्या चाचणीत ई नीट निघालं, इ काढताना ॲरेच्या बाहेर गेल्याची तक्रार, घर क्रमांक उणे एक. वर शून्यावर आलं होतं, त्यातून एक वजा, आणि बाकी काढायचं चिन्ह आपल्याला शाळेतलं उत्तर देईल असं मी धरून चाललो होतो. जावात उणे एकला तीनने भागल्यावर बाकी उणे एकच येते. आधी क्षमता मिळवायची मग बाकी काढायची. हे करणारी फ्लोरमॉड ही तयार मेथड आहे, पण बेरीज वाचताना जास्त कळते.

२४ जुलै

तिला बाजूच्या पट्टीत मागच्या टप्प्यांची छोटी चित्रं हवीत, ताजं सर्वांत वर. इटरेटर, म्हणजे एकेक वस्तू क्रमाने देणारा, लिहिला, वरून खाली जाणारा. जावाचा जुना स्टॅक फिरताना तळापासून वर येतो, हेही आजच कळलं. पट्टी रंगत असताना रेघ पडली तर इटरेटर एक्सेप्शन फेकतो, त्यासाठी एक बदल-मोजणारा पूर्णांक.

रात्री सहज माझ्याच वर्गाचा बाइटकोड (कंपाइल झाल्यावरचं रूप) जावापी या साधनाने उघडून बघितला. 'संख्या एकने वाढव' ही ओळ तिथे अशी दिसते : पत्ता ढकल, त्याची प्रत ढकल, संख्या आण, एक ढकल, दोघांची बेरीज कर, परत ठेव. जेव्हीएम स्वतः स्टॅकवर चालते. माझी चळत चालवायला खाली दुसरी एक चळत राबतेय, आणि ती मात्र चुकत नाही.

२७ जुलै

यादृच्छिक चाचणी. एका बाजूला माझे वर्ग, दुसऱ्या बाजूला ॲरेडेक; दोघांवर तीच दहा लाख ठेव-उचल-बघ-साफकर, प्रत्येक पावलाला उत्तरं ताडून बघायची. इतिहासासाठी ॲरेडेकमधून पन्नासापुढचं तळाचं काढत राहायचं. सगळं हिरवं, म्हणजे पास.

पण १८ जुलैनंतर हिरव्यावर पूर्ण विश्वास राहिलेला नाही. उत्तरं तेव्हाही बरोबरच येत होती. म्हणून आणखी एक तपासणी घातली : प्रत्येक पावलानंतर आतल्या ॲरेत नल नसलेली घरं मोजायची, ती संख्येइतकीच हवीत.

पहिल्या मिनिटात लाल. इतिहासाचं 'साफकर' मी चळतीतून उचलून चिकटवलं होतं : शून्यापासून संख्येपर्यंत नल. पण इथे जिवंत चित्रं शून्यापासून असतीलच असं नाही. तीन घरांचंच उदाहरण : ई ठेवून उचललं की वर शून्य, संख्या दोन, आणि आ, इ बसलेत घर एक आणि दोनमध्ये. माझं साफकर शून्य आणि एक पुसतं, इ राहतं. म्हणजे तिने नवं चित्र सुरू केलं की जुन्या चित्राचे काही टप्पे मेमरीत तसेच. तीच गळती, दुसऱ्यांदा, माझ्याच हाताने. आता पूर्ण ॲरे नल करतो, पन्नास घरांचा प्रश्न आहे.

३० जुलै

तिने हिशोब मांडला : पन्नास टप्पे म्हणजे ४१ कोटी ४७ लाख बाइट, आणि रेघ मारलेली असते फळ्याच्या एका कोपऱ्यात. पूर्ण चित्र कशाला, रेघेभोवतीचा चौकोन तेवढा ठेवू. तो चौकोन तिने लिहिला : कुठे आहे, आधी काय होतं, नंतर काय झालं. मी माझ्याकडचा कोड उघडून बसलो, बदल करायला. चळत आणि इतिहास, दोन्ही वर्गांत एकही ओळ बदलावी लागली नाही. जिथे त्यांचे ऑब्जेक्ट बनतात तिथल्या कोनी कंसात 'चित्र' होतं, तिथे 'चौकोन' लिहिलं आणि फाइल तिला पाठवली.